सोळा आठवड्यांची तपासणी

भावाला मी पहिल्यांदा वेताने मारलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि नुकतीच न्हायले होते. ओले केस सारखे पुढे येत होते. ते मी डाव्या हाताने मागे सारत होते, कशासाठी तर पुढचा फटका नेमका बसावा म्हणून. तो पोटरीवर बसला. भाऊ सतरा वर्षांचा, माझ्या दीडपट अंगाचा. मला एका हाताने उचलून विहिरीत टाकू शकला असता. पण तो "अक्का, चुकलं" म्हणाला आणि राहिलेल्या बैठका काढायला लागला. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. त्या सकाळी मी आरशात दोनदा पाहिलं. चंडिका दिसते का बघत होते. दिसली ती लुकडी, दात पुढे असलेली, हातात वेत घेतलेली एक शहाणी.

हे सगळं उकरायला लावलं माझ्या नातीने. ती तेवीस वर्षांची आहे, कॉम्प्युटरच्या ऑफिसात नोकरी करते. गेल्या वर्षी गणपती गेल्यावर तिने माझ्यासमोर कागदांचा एक गठ्ठा टाकला. सोळा आठवड्यांचा कार्यक्रम होता तो. व्यायाम कोणता, किती, कधी, खायचं काय, किती ग्रॅम, झोपायचं किती. सोळावा आठवडा संपला की बंगळुरात शरीरसौष्ठवाची स्पर्धा. तिथे नैसर्गिक अंगालाच प्रवेश. सुया टोचून फुगवलेलं अंग आढळलं तर हाकलून देतात, लघवी तपासतात.

घरात आठ दिवस हाणामारी चालू होती. माझा मुलगा म्हणत होता, मुलीने एवढेसे कपडे घालून परक्यांसमोर दंड फुगवायचे, हे मी जिवंत असेपर्यंत होणार नाही. सून म्हणत होती, अर्धपोटी राहून हाडं झिजवशील, पुढे मूलबाळ व्हायचंय. नातीने एकदा बापाचा हात असा पिरगाळला की त्याला तीन दिवस स्कूटर चालवता आली नाही. शेवटी मुलगाच म्हणाला, "अम्मा ठरवील. तिच्या बापाची गरडी होती. तिला यातलं कळतं. अम्मा हो म्हणाली तर जा, बेडा म्हणाली तर साकु, विषय संपला."

त्याला खात्री होती की मी नको म्हणेन. नातीला खात्री होती की मी हो म्हणेन. दोघंही मला ओळखत नव्हते. तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. कुणी कागद समोर टाकला की माझा हात आपोआप लाल पेनाकडे जातो. मी म्हणाले, आधी तपासते.

गरडी म्हणजे आमच्या म्हैसुरातली तालीम. आमचे पूर्वज राजाच्या फौजेत होते. फौज गेली, तलवारी गेल्या, मारामारीची हौस तेवढी घराण्यात राहिली. ती वडिलांनी तांबड्या मातीत उतरवली. गरडीचं दार मुद्दाम इतकं बुटकं असायचं की आत जाणाऱ्याला मान वाकवावी लागे. आत मारुतीची तसबीर, मुदगल, आणि तेल-हळद घातलेली मऊ माती. बाईमाणसाने त्या दारातून आत पाऊल टाकायचं नाही. मी बाहेरून वाकून बघायची, तर पाय तेवढे दिसायचे आणि धपाधप आवाज यायचे. कोण कुणाला आपटतोय ते आवाजावरून ओळखण्यात मी तरबेज झाले होते.

आईला दमा. त्यामुळे खुराक माझ्याकडे होता. बदाम, खसखस, बडीशेप वाटायची, दुधात तूप ओतायचं, मटणाचं पाणी काढायचं, आणि भाऊ ते सगळं संपवतो का यावर पहारा ठेवायचा. पहाऱ्यासाठी वडिलांनी मला वेत दिला. गरडीत जायला बंदी, म्हणून मी माझी सगळी मर्दुमकी स्वयंपाकघरात आणि मागच्या अंगणात गाजवली. मांजराला वाघाचं कातडं मिळालं होतं.

तेव्हा नातीच्या कागदांवर मी लाल पेन चालवलं ते काही अडाणीपणाने नाही. खरं सांगते, पहिली आठ पानं वाचून मी गार पडले. झोपेवर एक अख्खं पान होतं. आमचे वडील म्हणायचे, पैलवान झोपला की त्याचा वैरी जागा असतो. पहाटे चारला ते भावाच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारायचे. नातीच्या कागदात आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी होती, आणि सुट्टीच्या दिवशी व्यायाम केल्यास तो गुन्हा, असं लिहिलं होतं. आम्ही शेरभर तूप पाजायचो, इथे चमचाभर. आम्ही भाऊ ओकेपर्यंत खाऊ घालायचो, इथे भात शिजायच्या आधी काट्यावर तोलायचा. कोंबडी, अंडी, नाचणी, मुळ्याची कोशिंबीर. वजन उचलायचं तेही पायरीपायरीने, गेल्या आठवड्यापेक्षा थोडं जास्त. मी समासात लिहिलं, "उत्तम. माझ्या बापाला दाखवायला हवं होतं."

नुसतं वाचून तपासणं मला पटत नाही. म्हणून घरी कुणी नसताना मी दहा किलो तांदळाची पिशवी खांद्यावर घेतली आणि कागदात लिहिल्याप्रमाणे पाठ ताठ ठेवून खाली बसले. बसणं छान जमलं. उठण्याबद्दल पुढच्या पानावर होतं. सून येईपर्यंत मी तशीच उकिडवी, खांद्यावर पिशवी. तिने मला काखेत धरून उचललं. म्हणाली, "अत्ते, तुम्ही स्पर्धेला जाणार आहात का?" मी म्हणाले, "सुम्ने, उगीच बघत होते." एक्काहत्तराव्या वर्षी मी केलेला तो एकमेव व्यायाम. तोही अर्धाच.

नववं पान आलं आणि पेन अडलं. नवव्या आठवड्यापासून 'कटिंग'. भात निम्मा. अकराव्यात त्याच्याही निम्मा. तेराव्यात तूप-तेल जवळजवळ बंद. सोळाव्यात मीठ आणि पाण्याची हातचलाखी, कातडी हाडाला चिकटून आतल्या शिरा दिसाव्यात म्हणून. मी नातीला म्हणाले, मला तुझ्या मास्तराला भेटायचंय.

त्याची जिम मेटगळ्ळीला, एका वर्कशॉपच्या वर. खाली लेथवर लोखंड कापलं जात होतं, वर मुलं-मुली लोखंड उचलून आपटत होती. पायाखालची फरशी थरथरत होती. मास्तर तिशीतला, नम्र. मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला. मी कन्नडात एकच विचारलं, "चुकलं तर मारता का?"

तो हसला. "अज्जी, ते तुमच्या काळात. आता मारायची गरजच पडत नाही. या मुली स्वतःच स्वतःला मारतात."

त्याने ते कौतुकाने सांगितलं. मीही कौतुकाने ऐकलं. तिथेच मला उठून यायला हवं होतं. पण समोर माझी नात लोखंडी दांडा जमिनीवरून उचलत होती. तिच्या पाठीवरचे स्नायू एकेक करून जागे होत होते, आणि त्या खोलीचं दार उंच होतं, कुणालाही मान ताठ ठेवून आत येता यावं असं. मला तिचा हेवा वाटला. 

घरी येऊन मी निकाल दिला. पास. मुलगा ताटावरून उठून गेला. नातीने मला मिठी मारली, माझ्या बरगड्या कडकडल्या. मग ती म्हणाली, "अज्जी, मला एक पाहिजे. तू पहारा ठेव. कटिंगमध्ये मी चोरून खाणार, मला माहितेय. खाल्लं तर बडव मला. तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही ते."

मी काय सांगावं? मी म्हणावं ना, बाई, शाळेत तीस वर्षांत मी एका पोराला बोट लावलं नाही, आणि लोक मला प्रेमळ बाई म्हणायचे तेव्हा मला घाम फुटायचा. तसलं काही मी म्हणाले नाही. कपाटाची किल्ली पदराला बांधली.

आठ आठवडे सणासारखे गेले. ती भरली, उजळली. मला खुर्चीसकट उचलून दाखवायची. आईबापाशी गोड बोलायची. नवव्यात भात निम्मा झाला. दहाव्यात तिचे डोळे बदलले. कुकरच्या शिट्टीला ती दचकायची आणि जो समोर असेल त्याच्या अंगावर जायची. एका सकाळी काट्यावर वजन हवं तेवढं उतरलं नव्हतं. तिने काटा भिंतीवर फेकला. नंतर न्हाणीघरात जाऊन दारावर गुद्दे मारले. पाच-सहा झाल्यावर लाकडाला भेग पडली आणि तिच्या बोटांची सालं निघाली. सुनेने हळद लावायला हात पुढे केला, तर तिने आईला असं ढकललं की सून दाराच्या चौकटीवर आदळली आणि भुवईवर खोक पडली. रक्त डोळ्यात गेलं. माझा मुलगा मुलीवर हात उगारून उभा, मुलगी मूठ वळून उभी, आणि मी मधे.

मी कुणाला रागावले असेन? मुलाला. म्हणाले, "एवढं होतंच. पैलवानाच्या घरात एवढं चालतं." सुनेने माझ्याकडे पाहिलं, एका डोळ्याने, दुसऱ्यावर पदर दाबलेला.

त्याच आठवड्यात नातीने मला गच्चीवर नेलं. बाही वर केली तेव्हा दंडावर दातांची खूण दिसली, निळी, गोल. तिची स्वतःची. भूक फार लागली की चावते म्हणाली. आणि मग हळूच, "अज्जी, दीड महिना झाला, पाळी आली नाही. सर म्हणतात सगळ्यांचं होतं, स्पर्धा झाली की येते. अम्मा-अप्पाला सांगू नको. शपथ."

मी शपथ घेतली. मला भीती वाटली नाही असं नाही. पण तिच्या पोटावर तेव्हा सहा चिरे पडायला लागले होते, जणू पाथरवटाने छिन्नीने पाडलेले. माझ्या मनात आलं ते असं: एवढं होऊन आता थांबायचं? हेच वाक्य त्या एकोणीस वर्षांच्या शहाणीच्या तोंडी होतं. आता तिचं सांगूनच टाकते.

कृष्णराजनगरच्या बाजूच्या एका गावी जत्रेत भावाची मोठी कुस्ती ठरली होती. पंधरा दिवस आधीपासून खुराक दुप्पट. एका पहाटे मी दिलेला लोटा त्याने अर्धा प्यायला आणि परसात जाऊन ओकला. माझे हातपाय धरून म्हणाला, "अक्का, पोटात आग पडलीय. आजचा दिवस राहू दे. अप्पाला सांगू नको." खुराक ओकणं म्हणजे आमच्याकडे मारुतीच्या प्रसादावर थुंकणं. आणि मी पहारेकरी. मी आधी त्याला वेताने चार फटके दिले, पाठीवर. मग परसापलीकडच्या गरडीच्या दाराशी जाऊन, आत जाता येत नाही म्हणून बाहेरून ओरडून सांगितलं. सगळ्या पैलवानांना ऐकू जाईल असं. माझा आवाज खणखणीत होता, त्याचाही मला अभिमान होता.

वडील बाहेर आले. फिरवत होते तो मुदगल त्यांच्या हातात तसाच होता. तो त्यांनी खाली ठेवला, एवढी दया केली. मग उघड्या पंजाने भावाच्या डाव्या कानाखाली मारलं. भाऊ तुळशीजवळ पडला. त्याला मानेला धरून उठवलं आणि पुन्हा तिथेच मारलं. तिसऱ्या फटक्याला कानातून रक्ताचा ओघळ आला, बारीक, आधी वाटलं मातीच लागलीय. वडील म्हणाले, "दुसरा लोटा आण." मी आणला. माझ्या हाताने पाजला. त्यात वरून त्याच्या कानातलं रक्त ठिबकत होतं आणि मी म्हणत होते, "सगळा. तळ दिसला पाहिजे."

कुस्ती तो जिंकला. कानात कापसाचा बोळा घालून उतरला आणि समोरच्याला दहाव्या मिनिटाला चीत केला. समोरच्याचा खांदा निखळल्याचा आवाज मला शंभर हातांवरून ऐकू आला, ओळखण्यात मी तरबेज होतेच. लोकांनी भावाला खांद्यावर नाचवलं. आणि ती शहाणी बायकांच्या घोळक्यात उभी राहून सांगत सुटली, बघा, त्या दिवशी सवलत दिली असती तर आज हा दिवस दिसला असता का? जिंकला, म्हणजे मारलं ते बरोबर. एवढंच गणित होतं तिचं. त्या कानाने भावाला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. तिला ते कळायला वर्ष लागलं, कारण ती नेहमी त्याच्या उजव्या बाजूला उभी राहून हुकूम सोडायची.

तेराव्या आठवड्यात शेजारी गृहप्रवेश होता. त्यांच्याकडून पुरणाच्या होळग्या आल्या, डबाभर. मी डबा कपाटात ठेवायला विसरले. हे खरंच विसरले, का बघू या म्हणून ठेवला, ते माझं मलाच नक्की सांगता येत नाही. दुपारी तव्यावरचं धिरडं उलटत होते तेव्हा गच्चीवर भांडं वाजलं. मी उलथणं हातात घेऊनच जिना चढले. गुडघे दुखतात माझे, पण त्या दिवशी सपासप चढले.

नात पाण्याच्या टाकीमागे उकिडवी बसली होती. डबा मांडीत. दोन्ही हातांनी होळग्या तोंडात कोंबत होती, चावत नव्हती, गिळत होती. गालांवर पुरण, तूप, अश्रू. मला पाहून ती थांबली नाही.  माझा हात वर गेला आणि खाली आला.

लोखंडी उलथण्याची कड मनगटावर बसली. ते तव्यावरून उतरलेलं होतं. कातडी फाटली आणि भाजलीही. डबा घरंगळत गेला. ती किंचाळली नाही. मनगट छातीशी धरून श्वास घेत राहिली, आणि मग दुसरा हात पुढे केला. पंजा उघडा, शाळेतल्या पोरासारखा.

"अजून एक मार, अज्जी," ती म्हणाली. "म्हणजे लक्षात राहील."

मला सांगायला लाज वाटते, पण उलथणं पुन्हा उचललं गेलं होतं. खांद्यापर्यंत. ते तिथेच राहिलं, कारण तिने डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान होतं. मार मिळणार म्हणून समाधान. माझ्या भावाच्या तोंडावर भीती असायची, ती मला चालायची. हे मला झेपलं नाही. मी उलथणं गच्चीवरून खाली फेकलं. ते शेजाऱ्यांच्या मांडवाच्या पत्र्यावर पडलं आणि भटजी मंत्र म्हणायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने मी एच. डी. कोटेला गेले. भाऊ तिथे मुलीकडे राहतो. ओसरीवर बसला होता. मी सवयीने त्याच्या उजव्या हाताला बसले. सगळं सांगितलं, पाळीसकट, उलथण्यासकट. मग म्हणाले, "तीन आठवडे उरलेत. आता थांबवलं तर ती मला जन्मभर क्षमा करणार नाही. नाही थांबवलं तर कदाचित जिंकेल. तू सांग. तू जिंकला होतास."

त्याने सुपारी कातरायला घेतली.

"अक्का, तुला काय वाटतं, मी ती कुस्ती मार खाऊन जिंकलो?"

"म्हणजे?"

"मी तयारीत होतो. समोरचा माझ्यापेक्षा कच्चा होता. मी मार न खाताही त्याला पाडला असता. मला तसं वाटतं. पण ठाऊक नाही. तुम्ही दोघांनी ते कळूच दिलं नाही मला. पन्नास वर्षं झाली, जो भेटतो तो म्हणतो, तुझ्या बापाने आणि बहिणीने घडवला तुला." त्याने सुपारी माझ्या हातावर ठेवली. "कान गेला त्याचं नाही एवढं. जिंकलेलं माझं राहिलं नाही."

मी म्हणाले, "मला तेव्हा अक्कल नव्हती."

"आता आलीय का?"

"काल दुपारपर्यंत तरी नव्हती."

तो हसला. त्याच्या हसण्याने मला बरं वाटलं नाही. वाटावं म्हणून तो हसलाही नव्हता.

संध्याकाळी घरी सगळे जेवायला बसले तेव्हा मी कागदांचा गठ्ठा पाटावर ठेवला. म्हणाले, "पहिला निकाल चुकीचा होता. फेरतपासणी केली." नातीचं मनगट पट्टीत होतं; तिने आईला सांगितलं होतं की तव्याला लागलं. मी आधी ते दुरुस्त केलं. म्हणाले, "मी मारलंय." मुलाचा घास हातात राहिला. मग म्हणाले, "आणि हिची पाळी दोन महिने बंद आहे. मला माहीत होतं."

नातीने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी गरडीच्या बाहेरूनही कधी पाहिली नव्हती, कारण तिथून पायच दिसत. ती उठली, आत गेली. मग आरसा फुटल्याचा आवाज आला. आम्ही धावलो. तिने हातातला लोखंडी डंबेल कपाटाच्या आरशावर मारला होता, ज्याच्यासमोर ती रोज पोट बघायची त्याच आरशावर, आणि आता उरलेल्या तुकड्यांवर मारत होती. काचा तिच्या पायांत घुसल्या होत्या. बापाने मागून कव घातली, तर तिने डोकं मागे हाणून त्याचा ओठ फोडला. ती ओरडत होती, ती मलाच.

"शपथ घेतली होतीस तू. तू चहाडी केलीस."

"केली," मी म्हणाले. "जुनी सवय आहे. या वेळी बरोबर माणसांकडे केली एवढंच."

"तुझ्यामुळे मी हरले."

"हो. माझ्यामुळे हरलीस. कुणी विचारलं तर माझं नाव सांग."

मी तिच्या पायाशी काचा वेचायला बसले. ती लाथ मारेल असं वाटलं होतं. तिने एक मारलीही, खांद्यावर, अर्ध्या जोराने. मी बसून राहिले. नंतर तिचं अंग गळालं आणि ती बापाच्या हातांत लोंबकळली. सुनेने तिचे पाय मांडीवर घेतले. भुवईवरचा तिच्या टाक्यांचा वण अजून लाल होता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, सोनोग्राफी केली. एवढंच म्हणाल्या, शरीराने दुकान बंद केलंय. पोटभर खाल्ल्याशिवाय उघडणार नाही, आणि खाल्लं तरी कधी उघडेल ते सांगता येत नाही. मास्तराचा फोन आला. "अज्जी, तीनच आठवडे राहिले होते. पहिल्या तिघांत आली असती." मी म्हणाले, आली असती. मग त्याला माझी तपासणी सांगितली: व्यायाम पहिल्या प्रतीचा, झोप पहिल्या प्रतीची, पहिल्या आठ आठवड्यांचं खाणं असं की मी माझ्या भावाला घालायला हवं होतं. नवव्यापासून पुढचं पान ज्या मुलीला पाळायला पहारेकरी लागतो, तिला ते देऊ नका. आणि पाळी थांबली की वजनं थांबवा, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. तो म्हणाला, मग कुणी स्पर्धेला उभंच राहणार नाही. मी म्हणाले, ते तुम्ही बघा. तो वाईट माणूस नव्हता. त्याने जिंकलेल्या मुली पाहिल्या होत्या. मीही जिंकलेलाच पाहिला होता.

स्पर्धेच्या दिवशी नात दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडली होती. माझ्याशी ती दीड महिना बोलली नाही. ताट मी ठेवलं की खायची नाही, आईने ठेवलं की खायची. मी स्वयंपाक करायचे आणि सुनेच्या हाताने पाठवायचे. एकदा तिला कळलं, तिने ताट मोरीत उपडं केलं. मी पुन्हा वाढून सुनेच्या हाती दिलं. किल्ली पदराची सोडून दाराच्या खुंटीला लावली, सगळ्यांना दिसेल अशी. पोटावरचे चिरे बुजत गेले. ती ते फुटक्या आरशाच्या उरलेल्या पट्टीत बघायची आणि पोटाला चिमटे काढायची, रक्त साकळेल इतके. मी दारातून बघायची. मधे जायची नाही. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड व्यायाम तो होता, आणि त्याला तांदळाची पिशवी लागली नाही.

संक्रांतीनंतर ती पुन्हा जिमला जायला लागली. दुसऱ्या, आठवड्यातून तीनदा. मला कुणी विचारलं नाही, मीही कागद मागितला नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी अंगणात मिरच्या वाळत घालत होते. न्हाणीघरातून तिची हाक आली. "अम्मा." सून देवळात गेली होती. पुन्हा हाक.  मग, नाइलाजाने, "अज्जी."

मी दाराशी गेले. भेग पडलेलं दार दोन बोटं उघडलं.

"अम्माच्या कपाटातून पॅड आणून दे."

मी आणून दिलं. माझे हात मिरचीचे होते, म्हणून पाकीट पदरात धरून दिलं. दार लागलं. आत नळ सुटला. मी तिथेच भिंतीला टेकले.  नळाच्या आवाजाखाली ती रडत होती की काय, ते मला ओळखता आलं नाही.

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. "अज्जी, तू अजून तिथेच आहेस ना?"

"नाही," मी म्हणाले.

"जा ना तिकडे."

"जाते," म्हणाले, आणि तिथेच उभी राहिले.